मारुतचं १:१४४ रेझिन किट: वाकलेला पंख, बारीक भोकं आणि जाड कडा. मदत हवी आहे

कोथरूडकर:

नमस्कार मंडळी. प्लॅस्टिकची किट बरीच केली आहेत, बहुतेक १:७२ ची, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढी. साच्यात ओतलेल्या रेझिनच्या किटला पहिल्यांदाच हात घालतेय, म्हणून सुरुवात करायच्या आधीच विचारून घेते.

एचएफ-२४ मारुत या आपल्या जुन्या लढाऊ विमानाचं १:१४४ चं किट मिळालंय. एका छोट्या पिशवीत मूठभर तुकडे आणि झेरॉक्स काढलेला एक कागद, बस. फ्यूजलाज (विमानाचं धड) अख्खं एका तुकड्यात, भरीव. पंख आणि शेपटीचे भाग वेगळे, आणि प्रत्येकाला ओतताना राहिलेला ठोकळा चिकटलेला. कॉकपिटची काच पातळ पारदर्शक शीटमधून कापून काढायची आहे.

बाबा साठच्या दशकाच्या अखेरीस बंगळुरूला एचएएल या विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीत फिटर म्हणून लागले आणि पहिली काही वर्षं मारुतच्या जोडणीवरच होते. फेब्रुवारीत त्यांचं सहस्रचंद्रदर्शन आहे, तेव्हा हे त्यांच्या हातात द्यायचंय. पुण्यात कमला नेहरू पार्कात मारुत उभं आहे. तिथून जाताना बाबा आजही थांबतात आणि कुठलं पॅनेल कशासाठी उघडायचं ते सांगत बसतात. त्यामुळे चुकीचं काही असेल तर ते त्यांच्या नजरेतून सुटणार नाही.

अडचणी अशा: डावा पंख टोकाकडे वर वळलाय. नाकाच्या उजव्या बाजूला सुईने टोचल्यासारखी भोकं आहेत. पंखांच्या मागच्या कडा पुठ्ठ्यासारख्या जाड आहेत. पॅनेलच्या रेघा जेमतेम दिसतात, त्या पुन्हा कोरू का? आणि घरात पाच वर्षांचा मुलगा आहे, रेझिनच्या धुळीबद्दल बरंच उलटसुलट ऐकलंय.

भरारी७२:

स्वागत! कशालाही हात लावायच्या आधी सगळे तुकडे कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडने जुन्या टूथब्रशने घासून घ्या. साच्यातून तुकडा सुटावा म्हणून जे तेलकट औषध मारतात त्याचा थर राहतो, त्यावर रंग धरत नाही. बारीक तुकडे चहाच्या गाळणीत धुवा, नाहीतर सिंकमधून वाहून जातील.

प्लॅस्टिकचा सिमेंट इथे चालत नाही. तो पॉलिस्टायरीन विरघळवून जोडतो, रेझिनवर त्याचा काहीच परिणाम होत नाही. सुपरग्लू किंवा अराल्डाइटच वापरायचं.

रेघा मात्र मी म्हणेन की सगळ्या नव्याने खोल कोरून घ्या, रंगानंतर उठून दिसतील. कॉकपिटमध्ये धातूचे कोरीव भागही टाकता येतील.

मेणसुरी:

ताई, मी सांगलीत डेंटल लॅबमध्ये काम करतो. मेण, प्लास्टर, ॲक्रिलिक, रेझिन यातच माझा दिवस जातो आणि जेवणं आटोपली की १:१४४ ची विमानं करतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

धुळीचं सर्वात आधी. रेझिन कोरडं कधीच घासायचं नाही. धूळ फार बारीक असते, छातीत जाते. कायम पाण्यात बुडवून घासा, करवत चालवतानाही पातं ओलं ठेवा आणि चांगला मास्क लावा. काम झालं की टेबल ओल्या फडक्याने पुसा, झाडू मारू नका. एवढं पाळलंत तर काळजी नाही, पण हे काम मुलगा झोपल्यावर दार लावूनच करा.

आता मोजमाप. खरं मारुत १५.८७ मीटर लांब आणि पंखांचा पसारा ९ मीटर. १४४ ने भागलं की ११० मिलिमीटर लांबी आणि ६२.५ मिलिमीटर पसारा येतो. हा भागाकार हातात ब्लेड असेपर्यंत डोक्यातून जाऊ देऊ नका. तुम्ही ०.२ मिलिमीटर रुंदीची रेघ कोरलीत तर खऱ्या विमानावर ती जवळजवळ ३ सेंटिमीटरची फट झाली. असं विमान कुठलाही फिटर पुढे पाठवणार नाही, आणि बाबांना तीच आधी दिसेल. म्हणून भरारी यांचं रेघांबद्दलचं म्हणणं मला या किटसाठी पटत नाही. १:७२ ला ते ठीक आहे. इथे आहेत त्या रेघा राहू द्या, प्रायमरखाली (रंगाआधीच्या अस्तराखाली) बुजल्या तरी बुजू द्या. फक्त हलणारे भाग, म्हणजे एलरॉन, फ्लॅप आणि रडर, रंगानंतर टोकदार २एच पेन्सिलने पट्टी धरून हलकेच दाखवा. नाकाच्या दोन्ही बाजूंना मिळून ३० मिलिमीटरच्या चार एडन तोफा होत्या, त्यांची तोंडं या मापात ०.२ मिलिमीटर भरतात. तिथे ड्रिल नको. सुईचं टोक टेकवायचं आणि त्या खुणेत काळ्या रंगाचा ठिपका द्यायचा.

मग मेहनत कुठे घ्यायची? कडांवर आणि कंबरेवर. मारुत ओळखू येतं ते यावरूनच.

तुमची मागची कड अर्धा मिलिमीटर असेल तर खऱ्यात ती ७ सेंटिमीटर जाड झाली. काचेच्या तुकड्यावर ४०० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा, भरपूर पाणी घाला, पंख पालथा न करता तसाच ठेवा, म्हणजे घासली जाईल ती खालची बाजू आणि वरचं काम शाबूत राहील. बोटाचा दाब मागच्या कडेवरच ठेवा आणि लहान लहान गोल फिरवा. पाणी दुधासारखं झालं की पुसा, पंख दिव्यासमोर धरा. रेझिन पातळ झालं की त्यातून उजेड येतो. कडेला उजळ पट्टी सलग दिसायला लागली की थांबायचं, त्यापुढे गेलात तर कड तुटते. मग ६०० आणि १००० नंबर, दोन्ही हलक्या हाताने.

कंबर म्हणजे पंखांच्या जागी फ्यूजलाज जे आत घेतलंय ते. आवाजाच्या वेगाजवळ अडथळा कमी व्हावा म्हणून पंख आणि धड मिळून होणारं छेदक्षेत्र टोकापासून शेपटीपर्यंत एकदम न वाढता सावकाश बदलायला हवं, म्हणून पंख आले तिथे धड बारीक. अमेरिकेत रिचर्ड व्हिटकॉम्ब यांनी पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला हा एरिया रूल मांडला. मारुतचे रचनाकार, जर्मन अभियंते कुर्ट टांक १९५६ मध्ये बंगळुरूला आले तेव्हा तो नवाच होता, आणि मारुतच्या अंगावर तो स्पष्ट दिसतो. साच्याची शिवण किंवा भोकं काढताना सपाट पट्टीला पेपर लावून घासलं तर ही कंबर हमखास नाहीशी होते. तिथे बॉलपेनच्या रिफिलला पेपर गुंडाळून घासा. मला विचाराल तर अख्ख्या किटमध्ये सर्वात महत्त्वाची जागा हीच.

वाकलेला पंख सोपा आहे. बोट बुडवणार नाही इतकं गरम पाणी वाटीत घ्या, पंख चिमट्याने धरून अर्धा मिनिट बुडवा, बाहेर काढून काचेवर सरळ दाबून धरा आणि तसाच थंड पाण्यात सोडा. पहिल्यांदा थोडा परत वळेल, पुन्हा करा. पातळ करण्याच्या आधी सरळ करा, नंतर नाही.

भोकांसाठी पुट्टी वापरू नका, एवढ्या बारीक भोकात ती आत जात नाही, वर टोपी होऊन बसते आणि रंगानंतर निघते. आमच्या कामातही ओतीवात असे बुडबुडे येतात. आधी भोकाचं तोंड सुईने किंचित मोठं करा, कारण पृष्ठभागाखाली पोकळी बहुतेक वेळा जास्त मोठी असते. सुईच्या टोकावर सुपरग्लूचा थेंब घेऊन टेकवा. गोंद आत ओढला जाताना दिसतो. वरून चिमूटभर खायचा सोडा टाका, तो त्याच क्षणी दगड होतो. लगेच घासा, दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवलंत तर तो रेझिनपेक्षा कडक होतो आणि घासताना भोवतालचं रेझिन खाली जाऊन तिथे टेंगूळ उरतं. नखाच्या पाठीने फिरवून बघा, डोळ्याला दिसत नाही ते नखाला लागतं.

पंख नुसते चिकटवू नका. पिनव्हाइसने (बोटांनी फिरवायच्या बारीक ड्रिलने) ०.५ मिलिमीटरचं भोक पंखाच्या बुडात पाडा, त्यात पितळी तारेचा तुकडा बसवा, तारेच्या टोकाला ओला रंग लावून पंख धडाला टेकवा. जिथे ठिपका उमटेल तिथे दुसरं भोक.

कोथरूडकर:

दादा, इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. धुऊन झालं आणि डावा पंख आत्ताच सरळ केला, खरंच वळला! रेघा आता कोरणार नाही.

दोन गोष्टी राहिल्या. किटमधले डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील खुणा) पिवळे पडलेत आणि उचलताना तडकतात. आणि चाकांचे पाय रेझिनचेच आहेत, सुतासारखे. विमान भरीव आहे, पेलतील का?

भरारी७२:

रेघांचं पटलं, मी १:७२ च्याच सवयीने बोललो.

डेकलचं मी सांगतो. आपल्या वायुदलाच्या चक्रात बाहेर केशरी, मध्ये पांढरा आणि आत हिरवा. घरच्या प्रिंटरला पांढरी शाई नसते, त्यामुळे पारदर्शक डेकल कागदावर छापलंत तर मधलं वर्तुळ खालच्या रंगाचंच दिसेल आणि केशरी मळकट होईल. पांढऱ्या डेकल कागदावर छापा आणि केशरी कडेला लागून कापा. एवढं बारीक वर्तुळ कात्रीने नीट येत नाही, योग्य मापाच्या पोकळ पंचने काढा. इंकजेट असेल तर कापण्याआधी क्लिअर लॅकरचे दोन पातळ हात द्या, नाहीतर पाण्यात शाई सुटते. लावण्याआधी विमानावर ग्लॉस वॉर्निश हवंच, मॅट रंगावर डेकलखाली हवा अडकून चंदेरी दिसतं.

रंगांसाठी पार्कातल्या विमानावर विसंबू नका. उघड्यावर ठेवलेल्या विमानांना देखभालीत पुन्हा पुन्हा रंग देतात. सेवेतल्या विमानांचे जुने फोटो बघा, १०, ३१ आणि २२० या तीन स्क्वाड्रनमध्ये मारुत होतं.

मेणसुरी:

पाय रेझिनचे ठेवू नका. आज पेलतील, पण भरीव विमानाच्या वजनाने उन्हाळ्यात हळूहळू वाकतात. त्याच मापाच्या पितळी तारेचे करा, चाकं किटमधलीच घ्या. शिवाय शेपटीवर बसतंय का ते आधी बघा: मागची चाकं येणार त्या जागी खाली पेन्सिल आडवी ठेवून धड तोला. नाक उचललं जात असेल तर कॉकपिटच्या तळाला भोक पाडून शिसं भरावं लागेल, आणि ते सीट बसवायच्या आधीच.

पण मी तुमच्या जागी असतो तर चाकं आत घेतलेलं, उडतं विमान केलं असतं. या मापात चाकांची दारं कितीही घासली तरी जाड दिसतात, आणि बाबा विमान हातात घेऊन पोटाकडून बघणार हे नक्की. पोटात ०.८ मिलिमीटरची पितळी सळई बसेल असं भोक ठेवा. सळई लाकडी बैठकीत रोवलेली असू द्या, विमान नुसतं वर टेकवायचं, चिकटवायचं नाही. म्हणजे त्यांना ते उचलून फिरवून बघता येईल. ऐंशीच्या हातांना बारीक पायांवर उभं असलेलं मॉडेल उचलायची भीती वाटते, आणि ते मग कपाटातच राहतं.

काच अगदी शेवटी, सगळं वॉर्निश वाळल्यावर. नव्या ब्लेडने दोन-तीन हलक्या फेऱ्यांत कापा, एकाच दाबात नाही. सुपरग्लू लावू नका, त्याच्या वाफेने काच पांढुरकी होते. टूथपिकने फेविकॉल लावा, सांडलेला ओल्या ब्रशने पुसता येतो आणि वाळला की दिसत नाही.

शक्य झालं तर जोडणी झाल्यावर, रंगाच्या आधी, एकदा बाबांना दाखवा. मारुतला ऑर्फियस ७०३ इंजिनांची जोडी बसवावी लागली, टांक यांना हवं होतं ते जास्त ताकदीचं ऑर्फियस १२ झालंच नाही. त्यामुळे मागच्या दोन नळकांड्यांभोवतीचं काम प्रत्यक्ष कसं होतं, हे त्या जोडणीवर उभ्या राहिलेल्या माणसाइतकं आपल्यापैकी कुणाला माहीत असणार? प्रायमरच्या करड्या रंगात आकार सर्वात स्वच्छ दिसतो, आणि तेव्हा काही घासायचं राहिलं असेल तर घासता येतं. ते काय म्हणाले ते इथे जरूर लिहा, मला माझ्याही मारुतसाठी हवंय.