दोघांच्या शिफ्ट, पोरगी अडीच वर्षांची.. कसं जमवता?

सिडकोवाली_आई: मी सातपूर एमआयडीसीत, नवरा अंबडला, त्याची शिफ्ट दर आठवड्याला बदलते. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्यामुळे त्या पोरीमागे पळू शकत नाहीत आणि पाळणाघर सहाला बंद. काय करता तुम्ही लोक?

द्वारकाकर: ताई कंपनीत 50 किंवा जास्त माणसं आहेत का? मग पाळणाघराची सोय द्यावीच लागते, 2017 पासून कायद्यात आहे, आईला दिवसातून 4 वेळा बाळाकडे जाताही येतं. एचआरला मेलच टाका, तोंडी विचारलं की "बघू" म्हणतात.

इंदिरानगर_मम्मा: आम्ही बिल्डिंगमधल्या तीन घरांनी मिळून एक मावशी ठेवल्यात, पोरं आलटून पालटून एकेकाच्या घरी, पैसे वाटून. फक्त सुट्टीचं आणि आजारपणाचं आधीच बोलून घ्या नाहीतर वांधे होतात, आणि ताप आलेलं पोर त्या दिवशी आपल्याच घरी.

पंचवटीकर: सासूबाईंना पळायला लावू नका पण मावशी असताना त्या घरात बसून असल्या तरी लय फरक पडतो. पोरीला मोबाईल मात्र दिवसाला एक तासाच्या वर नको, डब्ल्यूएचओ पण तेच म्हणतं.

सिडकोवाली_आई: मेल आजच टाकते. मावशी महिन्याला किती घेतात ओ?