शिल्लक शून्य दिसली तरी थांबा
अ‍ॅप (फोनमधलं बिटकॉइन वॉलेट) उडालं की बिटकॉइनही उडाले, असं कुणी म्हटलं तर ते बरोबर नाही. नाणी फोनमध्ये नसतातच, तिथे असते फक्त किल्ली. सीडचे, म्हणजे ती किल्ली परत मिळवून देणारे, १२ किंवा २४ शब्द कागदावर असतील तर काम भागतं. पण शब्द अचूक टाकूनही कधीकधी शिल्लक शून्य दिसते आणि माणूस तिथेच हात टेकतो. आमच्या ऑफिसातल्या एकाने असाच नाद सोडला होता. भानगड डेरिव्हेशन पाथची, म्हणजे शब्दांतून बिटकॉइन घेण्याचे पत्ते काढायच्या ठरलेल्या मार्गाची होती. त्याच शब्दांतून पाथप्रमाणे वेगवेगळे पत्ते निघतात: पाथमधला आकडा ४४ असेल तर १ ने सुरू होणारे, ४९ ला ३ ने, ८४ ला बीसी१ ने. एक्स्चेंजच्या (जिथून बिटकॉइन घेतले त्या बाजाराच्या) जुन्या नोंदीत पैसे कुठल्या पत्त्यावर पाठवले ते सापडलं, तर पहिल्या अक्षरावरूनच पाथ ओळखता येतो. इलेक्ट्रम नावाच्या वॉलेटचा सीड असेल तर तो इलेक्ट्रममध्येच टाका, त्याची पद्धतच निराळी.

एखादा शब्द पुसट झालाय? बीआयपी-३९ ची, म्हणजे सीडच्या शब्दांसाठीच्या प्रमाण पद्धतीची, यादी २०४८ शब्दांची आहे आणि पहिल्या चार अक्षरांवरून शब्द नेमका ठरतो. १२ पैकी एकच शब्द पूर्ण गेला आणि त्याची जागा माहीत असेल, तर चेकसममुळे (शब्द एकमेकांशी जुळतात का, याची आतच असलेली पडताळणी) साधारण १२८ पर्याय उरतात. हे इंटरनेट बंद ठेवून घरच्या घरी तपासता येतं, त्यासाठी टेलिग्रामवरच्या ‘रिकव्हरी एक्स्पर्ट’ला शब्द द्यायची काहीच गरज नाही.