घड्या, चुण्या, सुरकुत्या: फोटो सपाट का येतात? (सोलापूर)

चौपाडकर

नमस्कार मंडळी,

घडी, चुणी, सुरकुती एवढाच विषय धरून बारा फोटोंची मालिका करायची आहे. यादी अशी: सोलापुरी चादरींची थप्पी, धोतराच्या निऱ्या, टॉवेल, बिडीचं दुमडलेलं टोक, कोबी, आणि उन्हाळ्यात भेगाळलेलं काळं रान. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरचा), १८-५५ किट लेन्स, साधा ट्रायपॉड. फ्लॅश नाही.

डोळ्यांना चुण्या ठसठशीत दिसतात, फोटोत मात्र कापड इस्त्री केल्यासारखं येतं. गच्चीवर सकाळी अकराच्या सुमारास, एफ/२२ (लेन्सचं छिद्र अगदी बारीक) ठेवून काढतोय. पांढरं धोतर राखाडी येतं आणि काळी मातीही राखाडीच. टॉवेलवर तर रंगीत लाटा उठतात, ज्या कापडावर नाहीतच. नंतर कॉन्ट्रास्ट वाढवला की सगळंच भडक होतं, चुणी काही वर येत नाही. नेमकं काय बदलू? यादीत भर घालायची असेल तर तीही सुचवा.

उन्हाची_तिरीप

दुखणं अकराच्या उन्हात आहे. चुणी दिसते ती तिच्या सावलीमुळे, आणि सावली किती लांब पडणार हे प्रकाशाच्या कोनावर ठरतं. दोन मिलिमीटर उंचीची चुणी धरा. सूर्य ४५ अंशांवर असेल तर सपाट पसरलेल्या कापडावर तिची सावली दोनच मिलिमीटर पडते, १५ अंशांवर असेल तर साडेसात. आपल्याकडे उगवल्यानंतर सूर्य तासाला १३-१४ अंश चढतो. म्हणजे १० ते २० अंशांमधलं कामाचं ऊन सूर्योदयानंतर साधारण पाऊण तासाने सुरू होतं आणि दीड तासाने संपतं. तेवढंच पुन्हा मावळतीला. बाकीच्या वेळी कॉन्ट्रास्टची पट्टी कितीही सरकवा, जी सावली पडलीच नाही ती वाढणार कुठून?

कोनाइतकीच दिशाही बघा. प्रकाश चुणीला आडवा छेदून गेला पाहिजे. चुणीच्या लांबीच्या दिशेने आला तर कोन कितीही कमी असो, सावली पडत नाही. धोतराच्या निऱ्या उभ्या, तर प्रकाश डावीकडून किंवा उजवीकडून हवा. चादरींच्या थप्पीतल्या घड्या आडव्या, तिथे प्रकाश वरून हवा. म्हणून भर दुपारचं ऊन सरसकट वाईट नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला सोलापुरात दुपारी सूर्य जवळपास थेट डोक्यावर असतो. जमिनीवर पसरलेल्या कापडासाठी ही वेळ निरुपयोगी, पण उघड्यावर रचलेल्या थप्पीची पुढची बाजू किंवा भिंतीवर टांगलेली चादर अगदी घासून उजळते आणि आडव्या घड्या ठळक होतात. उभ्या निऱ्यांना त्याच उन्हाचा काडीचा उपयोग नाही.

घरात करायचं असेल तर खिडक्या बंद करा, ट्यूबलाइटही घालवा, नाहीतर दोन रंगांचा प्रकाश मिसळतो. कापड टेबलावर, एलईडी टॉर्च त्यापासून दीड मीटर लांब आणि टेबलाच्या पृष्ठभागापासून ४० सेंटिमीटर वर. झाला १५ अंशांचा कोन. टॉर्च जवळ आणायचा मोह होतो, तो टाळा. कापड ४० सेंटिमीटर रुंद असेल आणि टॉर्च त्याच्या कडेपासून ३० सेंटिमीटरवर असेल, तर जवळच्या कडेला लांबच्या कडेपेक्षा साडेपाच पट प्रकाश पडतो. दीड मीटरवरून हाच फरक दीडपटीच्या आसपास राहतो. सावल्या फारच काळ्या वाटल्या तर समोरच्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा करा आणि मागेपुढे सरकवत बघा. टॉर्च मंद मोडवर ठेवू नका. बऱ्याच टॉर्च मंद मोडमध्ये लुकलुकतात आणि फोटोत पट्टे येतात.

इस्त्रीच्या करकरीत घडीला टॉर्चसारखा लहान, कडक प्रकाश चालतो. टॉवेलच्या गोलसर वळ्यांना तो मारक ठरतो. त्यांना उत्तरेच्या खिडकीचा बाजूने येणारा मऊ प्रकाश द्या.

एफ/२२ सोडा. तुमच्या सेन्सरवर एफ/११च्या पुढे विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो) बारीक तपशील मऊ पडायला लागतो, एफ/२२ला तर धागाच दिसेनासा होतो. एफ/८, आयएसओ १००, ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर. शटर कितीही लांबू दे, कापड कुठे पळून जात नाही.

आणखी एक. प्रकाश फोटोच्या वरच्या कडेकडून किंवा बाजूने येतोय असं ठेवा. खालून आला तर बघणाऱ्याला उंचवटा खळगा वाटतो आणि खळगा उंचवटा. वरून सरळ खाली काढलेल्या मातीच्या आणि कापडाच्या फोटोत हे हमखास होतं. फोटो १८० अंशांत फिरवला की बहुतेक वेळा गाडी रुळावर येते.

मागवाला

वरचं सगळं बरोबर, पण चादरीचं गणित जरा वेगळं आहे ओ. जॅकार्डची (मागावरच विणलेली) नक्षी एवढी ठळक असते की चुणीची सावली तिच्यात हरवते. म्हणून नक्षी टाळा आणि काठाचे सरळ पट्टे जिथे घडीवरून वळतात तिथे फ्रेम लावा. सरळ पट्टा वाकला की डोळ्यांना आकार आपोआप कळतो, सावली कमी असली तरी. पट्टे घडीला काटकोनात हवेत. घडीला समांतर असतील तर त्यांचा काही फायदा नाही.

धोतरासाठी शंभर टक्के सुती कापड घ्या. टेरिकॉटची (पॉलिएस्टर-सुती मिश्र कापडाची) चुणी कॅमेरा लावेपर्यंत उलगडते. खळ घाला: एक लिटर पाण्यात दोन टेबलस्पून मैदा, आधी थंड पाण्यात कालवून मग उकळून पारदर्शक होईपर्यंत शिजवायचा, आणि फडक्यातून गाळायचा. गाळला नाही तर गुठळ्यांचे डाग कडक उन्हात नेमके फोटोत दिसतात. कापड दमट असतानाच निऱ्या पाडून क्लिपा लावा आणि तसंच वाळू द्या. सुती धागा ओलाव्यात सैल पडतो आणि वाळताना असेल त्या आकारात धरून राहतो, त्यामुळे पूर्ण वाळलेल्या कापडाला नंतर कितीही दाबलं तरी तशी घडी बसत नाही.

धोतराचा दुसरा प्रकारही करून बघा: दोरीवर टाकून मागून ऊन. एक पदर उजळ, दोन पदर मध्यम, तीन पदर गडद. इथे सावलीचा संबंधच नाही, घडी कळते ती कापडाच्या थरांवरून.

टॉवेलवरच्या रंगीत लाटा म्हणजे मॉरे. विणीतल्या धाग्यांचं अंतर आणि सेन्सरवरच्या पिक्सेलचं अंतर जवळपास जुळलं की ही भानगड होते. कॅमेरा वीस-तीस सेंटिमीटर पुढे-मागे करा किंवा दहा-पंधरा अंश तिरका धरा. तरीही जात नसेल तर तिरीप यांचा सल्ला तेवढ्यापुरता मोडून एफ/१६ लावा. विवर्तनाचा मऊपणा इथे उपयोगी पडतो. तपासताना फोटो पूर्ण मोठा करून बघा. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर नसलेला मॉरेही दिसतो.

टॉवेलचे फंदे (वर आलेले धाग्यांचे वेढे) फोटोआधी तळहाताने एकाच दिशेला फिरवून घ्या. नाहीतर फिकट-गडद ठिगळं दिसतात आणि चुणी कुठली, ठिगळ कुठलं ते कळत नाही. घडी बोटाएवढी जाड घाला, बारीक चुणी फंद्यांतच बुडते.

काळं_रान

राखाडीचं कारण मीटर, म्हणजे कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा भाग. समोर पांढरं असो की काळं, मीटर त्याला मधल्या राखाडीवर आणून ठेवतो. धोतराला एक्स्पोजर अधिक १ ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा प्रकाश), मातीला उणे १. रॉ फाइल (सेन्सरची प्रक्रिया न केलेली फाइल) ठेवा.

मातीत दोन वेगळे विषय आहेत, ते एकत्र करू नका. एक म्हणजे रानातल्या भेगा. काळ्या मातीतली चिकणमाती पाण्याने फुगते आणि सुकली की आकसते, म्हणून बहुकोनी ढेकळं सुटतात. त्या भेगा खोल असतात, तिरप्या उन्हात आत फक्त काळोख दिसतो. फोटो बरा येतो, पण चुणीचा नाही. दुसरा विषय तलावाच्या काठचा गाळ. हिप्परग्याच्या तलावाचं पाणी उन्हाळ्यात मागे हटलं की गाळाच्या पातळ पापुद्र्याची वरची बाजू खालच्यापेक्षा आधी सुकते, जास्त आकसते आणि कडा वर वळतात. तुमच्या मालिकेला हे हवंय. सकाळच्या उन्हात, कॅमेरा जमिनीपासून वीतभर उंचीवर. सुकलेल्या पापुद्र्याखाली चिखल ओला असू शकतो, काठीने चाचपल्याशिवाय पाय टाकू नका.

कोबी मंडईतून घट्ट, जड बघून घ्या आणि लांब पात्याच्या धारदार सुरीने एका दाबात उभा चिरा. सुरी मागेपुढे केली की तिचे ओरखडे वळ्यांशी भांडतात. कापलेली बाजू लवकर सुकून काळवंडते, म्हणून फ्रेम आणि फोकस आधी दुसऱ्या अर्ध्यावर जुळवून ठेवा.

भर म्हणून घायपात घ्या. तिची पानं कोंबात एकमेकांना घट्ट चिकटून वाढतात, त्यामुळे उमललेल्या पानावर शेजारच्या पानाच्या काटेरी कडेचा ठसा राहतो. हा ठसा फार उथळ असतो, प्रकाश १० अंशांच्याही खाली हवा. पानावर चकाकी आली तर पोलरायझर (चकाकी कमी करणारा लेन्सवरचा फिल्टर) फिरवून बघा.

दगडातल्या वळ्या मात्र इथे शोधत बसू नका. आपला दगड लाव्ह्याचा, थर जवळपास आडवे. आणि यादीत कडक भाकरी नाही हे सोलापूरकराला शोभत नाही बरं का!

चौपाडकर

भाकरी घेतली! कोन आणि दिशा हे दोन्ही लक्षात आलं. तीन शंका उरल्या. बिडीचं टोक किट लेन्समध्ये इवलंसं येतं. गड्ड्याच्या यात्रेत (सिद्धेश्वराची जानेवारीतली यात्रा) बाराबंदीच्या, म्हणजे बंदांनी बांधायच्या पांढऱ्या अंगरख्याच्या, चुण्या काढायच्या आहेत, पण तिथे वेळ आपल्या हातात नसते. आणि फोनवर यातलं काय जमेल?

मागवाला

बिडीसाठी एक्स्टेंशन ट्यूब, म्हणजे कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणारी पोकळ नळी. किट लेन्स ५५ वर, सगळ्यात जवळून, फ्रेममध्ये साधारण सात सेंटिमीटर रुंदी बसवते. २० मिलिमीटरची ट्यूब लावली की ती निम्म्यावर येते. विद्युत संपर्काच्या पिना असलेलीच ट्यूब घ्या, बिनपिनांच्या स्वस्त ट्यूबवर अॅपर्चर कॅमेऱ्यातून बदलता येत नाही. इतक्या जवळून एफ/८ला जेमतेम एक मिलिमीटर खोली फोकसमध्ये राहते. म्हणून फोकस पाऊण-पाऊण मिलिमीटर मागे सरकवत सात-आठ फोटो काढा आणि सॉफ्टवेअरमध्ये जोडा. टेंभुर्णीचं पान हवेतल्या ओलाव्याने हळूहळू हलतं, त्यामुळे मालिका एका दमात उरका. पंखा बंद.

फोनवर एचडीआर (अनेक एक्स्पोजर जोडणारा मोड) बंद करा, तो नेमक्या आपल्याला हव्या त्या सावल्या उजळून टाकतो. अगदी जवळ जाऊ नका, फोनची स्वतःची सावली पडते. अर्ध्या मीटरवरून २एक्स. एक्स्पोजर बोट दाबून लॉक करा. हातांच्या सुरकुत्या काढणार असाल तर ब्यूटी फिल्टर बंद आहे ना, ते आधी बघा.

उन्हाची_तिरीप

बाराबंदीची चिंता नको. जानेवारीच्या मध्यात सोलापुरात भर दुपारीही सूर्य ५१ अंशांच्या वर जात नाही आणि तो दक्षिणेला असतो. यात्रेतल्या अक्षता सोहळ्याच्या गर्दीत कॅमेऱ्याचं तोंड पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे राहील अशी जागा धरा, म्हणजे ऊन बाजूने पडेल. उत्तरेकडे तोंड केलंत तर ऊन तुमच्या पाठीमागून येतं आणि पुन्हा तोच सपाटपणा. कडक उन्हातल्या पांढऱ्याला अधिकचा स्टॉप द्यायचा नाही, तो नियम फ्रेमभर पांढरं असेल तेव्हाचा. इथे शून्यावर सुरू करा, हायलाइटची लुकलुक (जास्त उजळ झालेला भाग स्क्रीनवर लुकलुकवणारी सोय) सुरू ठेवा आणि खांद्यावरचं कापड लुकलुकायला लागलं की एक तृतीयांश स्टॉप खाली या. रॉमध्ये सावली दोन स्टॉप आरामात उचलता येते, फुटलेलं (तपशील गेलेलं) पांढरं परत आणता येत नाही. काखेखालच्या आणि बंदाच्या गाठीजवळच्या चुण्या सगळ्यात खोल असतात, ५५ मिलिमीटर तिथे लावा.