किल्लारीच्या ‘संवाद सहायक’ स्त्रिया

भूकंप माणूस बघून येत नाही, मग पूर्वतयारीत स्त्रियांचा वेगळा विचार कशाला, हा आक्षेप मला अपुरा वाटतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात जी घरे कोसळली, त्यांच्या भिंती दगडमातीच्या होत्या आणि वर माळवदाचा, म्हणजे लाकूड-मातीच्या सपाट छताचा, भार होता. गळती थांबावी म्हणून त्यावर वर्षानुवर्षे मातीचे थर चढत गेले होते. उरलेल्या घरांच्या मजबुतीकरणाचे काम घरमालकांनी स्वतः करून घ्यायचे होते, परंतु भिंतीचे दोन्ही थर बांधून ठेवणारा आरपार दगड का बसवायचा, माळवदावरची माती का उतरवायची, हे घरोघरी समजावणार कोण? ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने महिला मंडळांतील स्त्रिया ‘संवाद सहायक’ झाल्या, आणि भिंत लिंपताना पहिली भेग जिच्या हाताला लागते तीच आता गवंड्याला प्रश्न विचारू लागली. (म्हणून पारावरच्या बैठकीत तिला लगेच जागा मिळाली, असे मात्र कोणी समजू नये.) २००१ च्या भूकंपानंतर याच भागातील स्त्रिया कच्छमध्ये आपला अनुभव सांगायला गेल्या.

गावाच्या आपत्ती समितीत स्त्रियांची नावे घालणे सोपे आहे. पण बचावाची रंगीत तालीम सकाळी अकरा वाजता ठेवली, तर खुरपणीला गेलेल्या बायका तिला येणार कशा, आणि निवाऱ्याच्या शौचालयाला आतून कडी आहे की नाही, हे पाहणी करणाऱ्या पुरुषांना सुचणार कसे?