मांजर घरी आणताना: सोलापूरकरांनो, तुमचे अनुभव लिहा

धागाकर्ती, जुळे सोलापूर
रविवारी आमच्याकडे तीन महिन्यांची माऊ येतेय. घरात सासूबाई, दोन मुलं आणि पाण्याने भरलेली पिंपं. टोपली, वाळूचा ट्रे आणलाय. अजून काय बघू? फजितीही लिहा.

अशोक चौक
पिंपं म्हणालात म्हणून आधी तेच. आमचं पिल्लू तिसऱ्या दिवशी पिंपाच्या काठावर! झाकणं लावा, वर वजन ठेवा.
आमची कारखान्यातली, मागांच्या खटखटीत जन्मलेली. ती आवाजाला नाही, आमच्या घरातल्या शांततेलाच बिचकली. ज्या चादरीच्या तुकड्यावर झोपायची तो न धुता आणला होता. त्याच्यावरच टेकली. धुतलात तर वास गेला, मग नुसतं फडकं.

भवानी पेठ
आईनं हौसेनं वाटीभर दूध ठेवलं. रात्रभर जुलाब. पिल्लू मोठं होतं तसं बहुतेक मांजरांना दूध पचेनासं होतं, हे डॉक्टरांकडून कळलं. आता उकडलेलं चिकन, बिनमिठाचं. कांदा-लसूण अजिबात नाही, मांजराला ते विष आहे.

विजापूर रोड
दोन दिवस कपाटाखाली होतं. मुलांनी ओढून काढायचा प्रयत्न केला, हातावर ओरखडे. ओढू नका हो! एकच खोली द्या, खाणं-पाणी एका कोपऱ्यात, ट्रे दुसऱ्यात. जेवणाशेजारी ट्रे ठेवलात तर ती तुमची गादी निवडेल. आमची निवडली.

बाळे
फिनाईल बंद करा. पंजे चाटताना पोटात जातं. कुत्र्याची गोचीड पावडरही लावू नका. तिच्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर मांजराच्या जिवावर बेततं. मी लावणारच होतो, दुकानदारानं ‘चालतंय की’ म्हणून दिली होती. घरी येऊन डबा वाचला म्हणून वाचलो.
तीन महिन्यांची आहे ना? रेबीजची लस आताच विचारा. तिहेरी लस (मांजरांच्या तीन आजारांवरची एकत्र) झालीय का, बूस्टर कधी, तेही. कागद मागून घ्या, तोंडी ‘झालीय’ चालत नाही.

होटगी रोड
जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) शोभेच्या दारूला आमची माळ्यावर, सकाळपर्यंत. त्या रात्री खिडक्या लावा.

धागाकर्ती
आली. फ्रिजमागे आहे. ट्रेमध्ये सकाळी खड्डा उकरलेला दिसला, तेवढं बरं. सासूबाईंनी भाकरी चुरून ठेवलीय. लसणाची शेंगाचटणी तर कालवली नाही ना, ते मी दोनदा विचारलं.