मदत हवी आहे: १९७२चा अमेरिकी सेंट खरा डबल डाय की नुसते मशीन डबलिंग?

नमस्कार. माझे काका अनेक वर्षे न्यू जर्सीत राहत होते आणि दुकानातून परत मिळालेली सुटी नाणी घरी येऊन भिंगाखाली तपासण्याचा त्यांना छंद होता. त्यांचा डबा आता पुण्यात माझ्याकडे आला आहे. त्यातली एक सेंटची तीन लिंकन नाणी वेगवेगळ्या कागदी पाकिटांत असून प्रत्येक पाकिटावर काकांनी पेन्सिलीने ‘डबल डाय’ असे लिहून ठेवले आहे. डाय म्हणजे नाण्यावर ठसा उमटवणारा शिक्का; त्या शिक्क्यावरच प्रतिमा दुहेरी असेल, तर तो डबल डाय, आणि नाणे उमटताना सैल डाय हलल्याने दुहेरी कड आली, तर ते नुसते मशीन डबलिंग. दोन नाण्यांचा निकाल मी माझ्यापुरता लावला आहे, तिसऱ्यापाशी मात्र अडलो आहे.

पहिले नाणे १९५५चे. त्या वर्षी फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतून बाहेर पडलेल्या प्रसिद्ध डबल डाय सेंटवर संपूर्ण साल आणि मजकूर नुसत्या डोळ्यांनाही दुहेरी दिसतो. काकांच्या नाण्यावर फक्त शेवटच्या ५ला सावलीसारखी कडा आहे, म्हणजे ही डाय झिजल्यामुळे आलेली दुहेरी छटा. हिला तिकडे ‘गरिबाचा डबल डाय’ म्हणतात, असे समजले.

दुसरे १९६९चे, सॅन फ्रान्सिस्कोचे. यावर सालाबरोबर टांकसाळीची खूण असलेला ‘एस’सुद्धा दुहेरी दिसतो, आणि नेमके तेच त्याच्या विरोधात जाते. डायवर चित्र आणि मजकूर उमटवणारा पोलादी साचा, म्हणजे हब, त्या काळी एकाहून अधिक वेळा दाबावा लागे आणि दुसऱ्या दाबाच्या वेळी तो जरा सरकला, तर खरा डबल डाय तयार होई; ‘एस’ मात्र प्रत्येक डायवर नंतर हाताने ठोकला जात असे. हबची चूक ‘एस’पर्यंत पोहोचूच शकत नाही, म्हणून हे मशीन डबलिंग. त्या वर्षीच्या अस्सल नाण्यावर साल व मजकूर दुहेरी आणि ‘एस’ एकेरी असतो.

माझा प्रश्न तिसऱ्या नाण्याचा आहे. ते १९७२चे, खुणेविना, म्हणजे बहुधा फिलाडेल्फियाचे असून बरेच वापरलेले आहे. ‘लिबर्टी’ची अक्षरे नेहमीपेक्षा जाड वाटतात आणि सालातल्या २च्या उजव्या अंगाला आणखी एक रेघ दिसते. त्या वर्षीच्या सर्वांत ठळक डबल डाय नाण्याच्या मागच्या बाजूला, ‘युनायटेड’मधल्या ‘डी’च्या वर कडेजवळ, डायवरच्या ओरखड्याची लहानशी खूण असते; ती येथे नाही. एवढ्यावरून नाणे बाद धरावे का? आणि अक्षरांचा जाडपणा झिजेचा की दुहेरी ठशाचा, हे झिजलेल्या नाण्यावर कसे ओळखावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. नाणे मी धुतलेले किंवा पुसलेले नाही.

प्रतिसाद:
न पुसल्याबद्दल आधी आपले आभार, कारण निम्मी नाणी लोक लिंबू-चिंचेने घासून आणतात आणि मग त्यांवर काही वाचता येत नाही.

खूण नाही म्हणून नाणे बाद होत नाही. ती एका विशिष्ट मागील डायवरची आहे, आणि १९७२मध्ये पुढच्या बाजूचे कमी ठळक डबल डाय आणखीही झाले आहेत. जाडपणावर मात्र एवढ्यात विश्वास ठेवू नये. अक्षराचा माथा झिजला की खालचा रुंद भाग उघडा पडतो आणि साधे अक्षरही फुगलेले दिसते. म्हणून तुलना कोऱ्या नाण्याशी न करता, तितक्याच झिजलेल्या साध्या १९७२च्या नाण्याशी करावी.

खरी परीक्षा २च्या बाजूच्या त्या रेघेची आहे. दिवा एका बाजूला, खाली ठेवून नाणे सावकाश फिरवावे. मशीन डबलिंगमध्ये नाणे उमटून झाल्यावर सैल डाय किंचित हलते आणि नुकत्याच उठलेल्या अंकाची कड खाली दाबते. त्यामुळे तेथे सपाट, चकचकीत पायरी दिसते आणि तेवढा मूळ अंक अरुंद होतो. डबल डायमध्ये अंकाचे काही हिरावले जात नाही, उलट भर पडते. दुसरी प्रतिमा गोलसर उठावाची असते आणि अक्षरांच्या टोकांना दुभंगल्यासारखी खाच दिसते. दुहेरीपण अगदी जेमतेम असेल, तर या खाचाही दिसत नाहीत. तेव्हा फक्त त्यांच्या अभावावरून निकाल देऊ नये.

धागाकर्ता:
मनःपूर्वक आभार. डब्यातच १९७२चे आणखी एक झिजलेले नाणे सापडले. त्यावरची ‘लिबर्टी’ तितकीच जाड आहे, म्हणजे तो मुद्दा झिजेचाच होता. दिव्याखाली २च्या उजवीकडे सपाट पायरी स्पष्ट चमकली आणि अंकाचा माथा दुसऱ्या नाण्यापेक्षा अरुंद भरला. तेव्हा हे मशीन डबलिंगच.

आता १९८३ची अकरा नाणी उरली आहेत, कारण त्या वर्षी मागच्या बाजूचा प्रसिद्ध डबल डाय झालेला आहे. ती नाणी जस्ताची असून वर तांब्याचा पातळ मुलामा असतो आणि अक्षरांच्या कडेला तो फाटला की आतल्या जस्ताची करडी रेघ दिसते; ती डबल डायची नव्हे. तीन नाण्यांवर अशी रेघ आहे, ती आधीच बाजूला काढली. उरलेल्या आठांचे फोटो रविवारी येथेच टाकतो.