आईच्या नावापुढे काय लिहायचं?

दादा: आईच्या आठवणींची पुस्तिका छापायला द्यायचीय. सुरुवात अशी केलीय: 'त्यागमूर्ती, वात्सल्यसिंधू, घराचा आधारवड...' आज रात्रीपर्यंत काय ते सुचवा.

मावशी: त्यागमूर्ती आधी काढ. अक्का वैतागायची त्या शब्दावर. म्हणायची, मूर्ती केलं की कुणी कामाला हात लावत नाही.

ताई: अगदी असंच म्हणायची! आणि वर म्हणायची, बसलायस काय, टॉवेल वाळत घाल.

धाकटा: दादा, दाखल्यावर व्यवसाय काय लिहिलाय?

दादा: गृहिणी. आधी 'काही नाही' टाकलं होतं. मी खोडायला लावलं.

वहिनी: लिहिणाऱ्याचा एकट्याचा दोष नाही. सायमन कुझनेट्स या अर्थतज्ज्ञानं १९३४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा अहवाल केला, त्यातही गृहिणींचं काम धरलं नाही. मोल काढायला भरवशाचं साधन नाही म्हणून. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०१८चा अहवाल सांगतो, ६४ देशांत मिळून रोज १६.४ अब्ज तास असं बिनपगारी काम होतं. त्यातलं पाऊण हिश्श्याहून जास्त बायकांचं.

काका: सूनबाई, आकडे पुस्तिकेत नकोत हं.

वहिनी: पुस्तिकेसाठी नाही काका, तुमच्यासाठी टाकले.

ताई: बरं, ऐका. माळ्यावर आईच्या हिशेबाच्या वह्या सापडल्या. डाव्या पानावर खर्च. उजव्या पानावर आपल्या उंच्या, लशींच्या तारखा, 'ह्यांचा चष्मा, डावा नंबर वाढला', 'धाकट्याचं दप्तर, पट्टा तुटला, परत तुटला'. एका अख्ख्या वर्षात तिचं स्वतःचं एकच सापडलं. 'माझ्या चपलेचा अंगठा शिवून घेतला.'

धाकटा: 'परत तुटला' वाचून कसंतरी झालं. ते मी मुद्दाम तोडायचो.

दादा: तिनं टायपिंगची परीक्षा दिली होती, नोकरीही होती. माझ्या वेळी सोडली. 'संसारासाठी आनंदाने नोकरी सोडली' असं लिहू?

मावशी: आनंदाने काढ. दोन दिवस कुणाशी बोलली नव्हती. नंतर घर जीव ओतून केलं, त्यात खोट नाही. पण चार-दोन वर्षांनी एकदा माझ्याकडे येऊन रडून घ्यायची, आणि जाताना डोळ्यांना पाणी लावून जायची.

ताई: मावशी, हे आम्हाला कधीच बोलली नाहीस.

मावशी: तिनंच बजावलं होतं.

बाबा: मलाही माहीत नव्हतं.

मावशी: भाऊजी, तुम्ही ग्रुप वाचता होय? मला वाटलं नुसते फोटो बघता.

बाबा: वाचतो. नोकरीचं लिहा. आनंदाने लिहू नका. ती चपलेची वही मला आणून द्या. आणि औषधांच्या खणावर तिनं चिकटवलेली चिठ्ठी कुणी काढली? रात्रीची गोळी कुठली ते कळत नाहीये.

धाकटा: मी काढली बाबा, खण पुसताना. माझ्या खिशात आहे. आलोच.